वयोमर्यादा संपल्यावरचा उपदेश



आजचं वाचन: तैत्तिरीय उपनिषद, शीक्षावल्ली, अनुवाक ११.

रोज एक अनुवाक असं करत आपण शीक्षावल्लीच्या शेवटाजवळ आलो. आजचा अनुवाक बहुतेकांनी न वाचताही ऐकलेला असतो. आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देव मानायला सांगणारी, शाळेच्या भिंतींवर रंगवलेली ती चार छोटी वाक्यं इथलीच. पण ती कोण कोणाला सांगतंय आणि कधी सांगतंय, हे भिंतीवर लिहिलेलं नसतं. वेद शिकवून झालाय. शिष्य घरी निघालाय. याला समावर्तन म्हणतात, म्हणजे परत फिरणं. गुरुगृहातून निघताना आचार्य त्याला शेवटचं काही सांगताहेत. थोडक्यात, शिकायला आलेल्यापेक्षा शिकण्याच्या वयातून बाहेर पडणाऱ्यासाठी हा अनुवाक आहे.

तो या आठवड्यात माझ्या डोक्यात सारखा घोळतोय, त्याला कारण गोल्फ. हसू नका, खरंच गोल्फ.

आम्ही बे एरियात राहतो. दर शनिवारी संध्याकाळी दहा-बारा मराठी घरं कुणा एकाकडे जमतात. हरिपाठ होतो, थोडं वाचन होतं, मग खिचडी-कढी. त्यातल्या एका घरातली मुलगी वयाच्या सातव्या वर्षापासून ‘शनिवारी सकाळी गोल्फ, संध्याकाळी हरिपाठ’ अशी वाढली. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोपीवाले साहेबलोक येतात. अमेरिकेतही हा खेळ बराच काळ क्लबच्या कुंपणाआड होता. ज्यांच्या घरात गोल्फ नाही अशा मुलांपर्यंतही तो पोहोचावा म्हणून १९९७ साली तिथल्या मोठ्या गोल्फ संस्थांनी मिळून ‘फर्स्ट टी’ नावाचा उपक्रम सुरू केला. टी म्हणजे चेंडू ठेवायची छोटीशी खुंटी, आणि जिथून पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे फर्स्ट टी. नुसता खेळ शिकवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नऊ मूल्यं काढली: प्रामाणिकपणा, सचोटी, खिलाडूवृत्ती, आदर, आत्मविश्वास, जबाबदारी, चिकाटी, सौजन्य आणि सारासार विचार. खेळता खेळता ही मुलांमध्ये उतरावीत अशी सगळी आखणी. बालसंस्कार वर्गच म्हणा ना, फक्त हातात माळेऐवजी पटर.

दुसरी सोय ‘यूथ ऑन कोर्स’ची. ही आमच्याच उत्तर कॅलिफोर्नियात २००६ साली सुरू झाली. सभासद असलेल्या मुलांना ५ डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत गोल्फ कोर्सवर खेळता येतं. ज्यांनी इथलं मोठ्या माणसांचं तिकीट पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल.

दोन्ही दारं १८ वर्षांपर्यंतच्यांसाठी उघडी. या मुलीचा परवा एकोणिसावा वाढदिवस झाला.

‘दादा, मी एज-आऊट झाले,’ ती म्हणाली. आधी हसत म्हणाली, मग हसू गेलं. ‘परवापर्यंत पाच डॉलर होते, आता मोठ्यांचं तिकीट. कोच नाही, शनिवारचा ग्रुप नाही. नवीन लेव्हल नाही. एकटी जाऊन मी करू काय?’

आणि तिची आई, जी बारा वर्षं पहाटे उठून तिला सोडायला गेलेली, ती कढीला फोडणी देता देता म्हणाली, ‘कॉलेजच्या टीममध्ये काही हिचं झालं नाही. स्कॉलरशिप नाही. बारा वर्षांचे शनिवार गेले बघ, मिळालं काय?’

टोमणा नव्हता तो. खराच प्रश्न होता. आणि तो गोल्फपुरता नाहीये. तुमच्यापैकी किती जण लहानपणी बालसंस्कार वर्गाला जात होते? गीतापठणाच्या स्पर्धेत बारावा अध्याय घडाघडा म्हणत होते? मग दहावी आली, कॉलेज आलं, हॉस्टेल आलं, पुण्यात नाहीतर बंगळूरात नोकरी लागली. वर्ग सुटला आणि वर्गाबरोबर बाकीचंही सुटलं. ‘मी त्यातून बाहेर पडलो,’ असं आपण म्हणतो. कशातून बाहेर पडलो, हे मात्र नीट तपासत नाही.

आता अनुवाकाकडे वळू. इतकी वर्षं गुरुगृही राहिलेल्या शिष्याला शेवटच्या क्षणी आचार्य काय देतात? माझी अपेक्षा असते की आता काहीतरी गुपित निघेल, इतके दिवस झाकून ठेवलेलं. आचार्य म्हणतात: खरं बोल. धर्माने वाग. अभ्यास सोडू नकोस.

एवढंच? हे तर पहिल्या दिवशीही सांगितलं असणार! आठ वर्षांच्या बटूला सांगायच्या गोष्टी तरण्याताठ्या पदवीधराला सांगताहेत. आणि गंमत म्हणजे, शेवटी हाच वेदाचा आदेश, हेच वेदाचं रहस्य असं म्हणून शिक्कामोर्तबही करतात.

हे मला गोल्फमुळे जास्त उमगलं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला पंच नसलेला खेळ कल्पनेतही येत नाही. (आपल्याकडेही गुंडाप्पा विश्वनाथ होऊन गेले हे मान्य. १९८० साली वानखेडेवर पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरना कर्णधार म्हणून त्यांनी परत बोलावलं आणि तो सामना आपण हरलो. पण त्याची आठवण आजही काढली जाते, इतका तो प्रसंग विरळा.) गोल्फमध्ये प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. चेंडू झाडीत गेला की तुम्ही एकटेच तिथे असता. गवतात उभं राहून पवित्रा घेताना तुमच्यामुळे चेंडू बोटभर हलला, तर एका फटक्याचा दंड असतो, आणि तो तुम्ही स्वतः जाहीर करायचा असतो. कुणी पाहिलं नसलं तरीही. जोडीदार तुमच्या गुणांची नोंद ठेवतो हे खरं, पण तुम्ही जे सांगाल तेच तो लिहिणार.

फर्स्ट टीच्या मुलांना हे सात-आठ वर्षांच्या वयात शिकवतात. तेव्हा कोच शेजारी उभा असतो. प्रामाणिकपणा हे त्या नऊतलं पहिलं मूल्य होतं आणि त्याबद्दल शाबासकीही मिळते. छान आहे ते. पण शाबासकी मिळत असताना खरं बोलणं हा सराव झाला, खेळ अजून सुरू झालेला नसतो. आमच्या ऑफिसात नवीन मुलाचा कोड दोन सीनियरनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. वर्षभराने त्याला स्वतः मर्ज करायची परवानगी मिळते. नियम तेच असतात, एक ओळही बदललेली नसते. फक्त आता रात्री अकरा वाजता, कुणी पाहत नसताना, टेस्ट न चालवता बटण दाबायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. तेच जुनं वाक्य त्या रात्री पहिल्यांदा जड लागतं. आचार्यांनी ‘खरं बोल’ हे निरोपासाठी राखून ठेवलं ते यासाठी, असं मला वाटतं.

बॉबी जोन्स हे नाव गोल्फ न खेळणाऱ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला हा मुलगा, लहानपणापासून गोल्फचा चमत्कार म्हणून गाजलेला. आणि हो, आपल्यातलाच: जॉर्जिया टेकचा मेकॅनिकल इंजिनियर. १९२१ साली तो स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळायला गेला. वय १९. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलपाशी बंकरच्या वाळूत चेंडू अडकला, तो काही केल्या निघेना, आणि हा रागाने डाव अर्धवट टाकून मोकळा झाला. लहानपणीचं कौतुक संपलं होतं आणि मोठेपण अजून आलं नव्हतं. एकोणिसावं वर्ष असतंच तसं.

चार वर्षांनी, १९२५ साली, तो मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टर इथे यूएस ओपन खेळत होता. पहिल्या फेरीत, पुन्हा अकराव्याच होलवर (अनुवाकही अकरावा! योगायोग आहे, पत्रिका काढू नका), उंच गवतात पवित्रा घेताना चेंडू किंचित हलला. कुणालाच दिसलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली, पुरावा सापडेना, निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावला. ७२ होल संपले तेव्हा तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत होते. मग १८ होलची जादा फेरी झाली, तीही बरोबरीत. पुन्हा १८ होल, आणि जोन्स एका फटक्याने हरला. एका फटक्याने! तो एक फटका कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, तर त्याला ते आवडलं नाही. यात कौतुक करण्यासारखं आहे काय, असाच त्याचा सूर होता.

मला जोन्सच्या हरण्यापेक्षा ते कौतुक न आवडणं महत्त्वाचं वाटतं. मूल्य अंगात मुरलं की त्याची पाटी गळून पडते. तोवर नऊ मूल्यं बॅगेवर लटकवावी लागतात. लटकवावीत, त्यात कमीपणा नाही. पण ती बॅगेवरून कधी तरी आत जायला हवीत, आणि त्याची परीक्षा वर्ग चालू असताना घेताच येत नाही. छांदोग्यातला श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, सगळे वेद संपवून घरी आला तो ताठ मानेने. वडिलांनी एक प्रश्न विचारला आणि कळलं की मुख्य गोष्ट राहूनच गेली आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाला होता, त्याबद्दल वाद नाही.

अनुवाकात पुढे एक वाक्य आहे ते मला सगळ्या उपदेशात धाडसाचं वाटतं. आचार्य म्हणतात, आमचं जे जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नकोस. विचार करा, इतकी वर्षं ज्याच्या पायाशी बसलो तो गुरू निरोप देताना सांगतोय की माझ्यातही न घेण्यासारखं काही आहे, ते तू ओळख. आपल्याकडे मुलं वर्ग सोडतात तेव्हा दोन टोकं दिसतात. एक तर सर म्हणाले तेच अखेरचं. नाहीतर सरांचं एक वागणं खटकलं म्हणून सगळंच बोगस. सत्संगाला येणाऱ्या ताईंचा कडकपणा आवडला नाही म्हणून विठ्ठलच सोडला, असं सांगणारे मित्र मला भेटलेत. उपनिषद तिसरी वाट दाखवतं, आणि ती फक्त मोठ्या झालेल्या माणसाला चालता येते. सात वर्षांच्या मुलाला निवड करता येत नाही, त्याने आख्खं घ्यावं. एकोणिसाव्या वर्षी चाळणी हातात यायला हवी. आमच्या या मुलीचे एक कोच खेळाचे नियम उत्तम शिकवायचे, पण हरल्यावर मुलांशी धड बोलायचे नाहीत. तिने नियम घेतले आणि अबोला सोडून दिला. हे तिचं तिनेच मला सांगितलं, उपनिषद न वाचता.

मग प्रश्न उरतो: आता विचारायचं कुणाला? कोच नाही, वर्ग नाही, आणि शंका तर येणारच. आचार्यांना हे माहीत आहे. ते म्हणत नाहीत की शंका आली तर माझ्याकडे परत ये. ते म्हणतात, तू जिथे असशील तिथली जाणती माणसं अशा प्रसंगी कशी वागतात ते पाहा आणि तसं वाग. मूळ शब्द ब्राह्मण असा आहे, पण त्याला जी विशेषणं लावली आहेत ती सगळी वागण्याची आहेत, म्हणून मी तो शब्द गुणाने वाचतो. नीट विचार करणारे. कामात मुरलेले. ‘आयुक्त’ असाही शब्द येतो. महानगरपालिकेचे नव्हेत! शंकराचार्य त्याचा अर्थ सांगतात, दुसऱ्याने कामाला न लावलेले, म्हणजे स्वतःहून लागलेले. आणि ‘अलूक्ष’, म्हणजे रूक्ष नसलेले, ज्यांच्या स्वभावात खरखर नाही असे. गोल्फमध्ये कापलेल्या गवताच्या बाहेरच्या भागाला रफ म्हणतात, त्यात चेंडू गेला की अडकतो. रफ नसलेली माणसं शोध, असं आचार्य सांगताहेत म्हणा ना. नुसती हुशार माणसं पुरत नाहीत. हुशारी आणि मऊपणा एकत्र असलेली बघा. यूट्यूबवर प्रवचनं निवडतानाही ही कसोटी लावून पाहा, यादी बरीच छोटी होईल.

आमच्या शनिवारच्या बैठकीत यावर बोलणं झालं तेव्हा एका काकांनी नामदेवांची गोष्ट काढली. नामदेव तर विठ्ठलाच्या घरचेच. लहानपणी हट्ट करून देवाला नैवेद्य खाऊ घातलेले. त्यांच्याइतका लाडका कोण? पण संत जमले असताना गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं थापटून पाहिलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. बाकीचे गप्प बसले होते, हे रागावले. रागावले म्हणूनच कच्चे, असा निकाल. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले, तर विठ्ठलानेच त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथे विसोबा पिंडीवर पाय टाकून झोपलेले! ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव,’ ते म्हणाले. पुढची कथा तुम्हाला माहीत आहेच.

काकांचा मुद्दा असा की नामदेवांना बाहेर पाठवलं ते विठ्ठलाने. लाडाचं, हट्टाचं, नैवेद्याचं वय संपलं हे देवालाच कळलं होतं. आणि नामदेव बाहेर पडले म्हणजे त्यांनी पंढरपूर सोडलं असं झालं नाही. ते थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांची पायरी मात्र आजही पंढरपूरला महाद्वारात आहे. लोक तिच्यावर डोकं टेकवून आत जातात.

त्या दिवशी मुलगी हे सगळं ऐकत होती. तिला किती पटलं माहीत नाही. तिने एकच विचारलं, ‘पण दादा, अभ्यास सोडू नकोस म्हणतात तर एकट्याने तो टिकतो का?’

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर अनुवाकातच आहे. आचार्य नुसतं ‘स्वाध्याय सोडू नकोस’ म्हणून थांबत नाहीत. पुढे ते स्वाध्याय आणि प्रवचन अशी जोडी सांगतात: शिक आणि शिकव. परवाचा नववा अनुवाक आठवा, तिथे प्रत्येक गुणाबरोबर ही जोडी पुन्हा पुन्हा येत होती, आणि नाक मौद्गल्य ऋषींचं म्हणणं होतं की दुसरं काही नको, एवढं दोनच करा, तेच तप आहे. वर्गात होतो तोवर कोणीतरी आपल्याला शिकवत होतं म्हणून अभ्यास टिकला. आता आपण कुणाला तरी शिकवू तेव्हा टिकेल. सात वर्षांच्या मुलाला पटर कसा धरायचा हे सांगायला बसलं की स्वतःची पकड आपोआप तपासली जाते. आणि ‘चेंडू हलला तर सांगायचं’ हे त्याला सांगितल्यावर स्वतः गप्प बसणं फार अवघड होतं.

फर्स्ट टीच्या वर्गांना स्वयंसेवक लागतातच. कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे, तोवर येत्या शनिवारपासून ती लहान मुलांच्या तुकडीला मदत करायला जाणार आहे. सकाळी आठला. पाचव्या डॉलरचा प्रश्न तसाच आहे, तिकीट मोठ्यांचंच पडणार, त्यासाठी महिन्यातून एकदाच खेळायचं असं तिचं ठरलंय. तिची आई म्हणाली, ‘म्हणजे माझे शनिवार काही सुटले नाहीत.’ मग स्वतःच म्हणाली, ‘आता गाडी तूच चालव.’

आजचा स्वाध्याय: लहानपणी ज्या वर्गाला, शिबिराला किंवा मैदानावर जात होतात, तिथलं एक वाक्य आठवा जे तेव्हा शाबासकीसाठी पाळत होतात. ते आज पाळायला काय किंमत पडेल, तेही लिहा. इथे कळवलं नाहीत तरी चालेल, वहीत लिहा.

उद्या बारावा अनुवाक, शीक्षावल्लीचा शेवटचा. अगदी छोटा आहे, शांतिपाठच आहे, आणि पहिल्या अनुवाकासारखाच दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून क्रियापदं बघून ठेवा. पहिल्यात शिष्य म्हणतो, मी खरं बोलेन. बाराव्यात म्हणतो, मी खरं बोललो.

राम कृष्ण हरी.